नट आवळताना चाकं कुठं होती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी. पुढच्या खालच्या आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी हाताचे, रबरी बुश सव्वा वर्षात दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांत स्पीडब्रेकरवर तीच खटखट परत आली. आता मेकॅनिक म्हणतो, "रबराचा नाद सोडा साहेब, लेथवर नायलॉनचे बुश काढून घेऊ, जन्मभर बघायला नको." तर नायलॉन बसवू का, आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

फाटलेल्या बुशचा फोटो दिलात ते फार बरं केलंत. रबर की नायलॉन हे नंतर बघू. दोन वेगळ्या वेळी आणलेले बुश जर सारख्याच मुदतीत जात असतील, तर मी आधी बसवणाऱ्याकडे बघतो आणि मग मालाकडे.

रबर तीन-चार तऱ्हांनी मरतं आणि प्रत्येक तऱ्हेची खूण वेगळी असते. वयानं गेलेलं रबर कडक होतं आणि उन्हाळ्यातल्या शेतासारखं वरून तडकतं. तेल-ग्रीस प्यायलेलं रबर फुगतं, चिकट लागतं, नखानं खरवडलं तर काळं निघतं. खड्ड्यात आदळून गेलेल्या बुशात मधली नळी मध्यभागी राहत नाही, एका अंगाला सरकते. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही. रबर काळंभोर आहे, नळी मधोमध आहे, फक्त आतल्या नळीला लागून गोल चीर गेली आहे. बाटलीचं सील झाकण फिरवून तोडतात ना, तशी. हे पीळ बसून फाटलेलं रबर आहे.

पीळ कुठून आला ते सांगतो. हा बुश म्हणजे बेअरिंग नव्हे, इथंच बहुतेकांची गल्लत होते. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघींना घट्ट धरून बसलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, दाबून बसते. आतली नळी नट आवळला की गाडीच्या सांगाड्यावरच्या ब्रॅकेटच्या दोन कानांत चिमटली जाते. म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी जाम. मग चाक वरखाली होताना फिरतं काय? काहीच नाही. रबर पिळतं आणि सुटतं, एवढंच. आणि ज्या स्थितीत तुम्ही नट आवळला, ती त्या रबराची शून्य जागा. तिथून जेवढं दूर जाल तेवढा पीळ.

आता चाक हवेत लटकलं असताना आर्म खाली झुकलेला असतो. समजा, गाडी उभी असतानाच्या जागेपेक्षा 15 अंश खाली. गाडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर आहे, हाताला सगळं सोयीचं आहे, म्हणून तिथंच नट करकचून आवळला. गाडी खाली उतरली की नुसती उभी असतानाच रबराला 15 अंशांचा पीळ. रात्रभर पार्किंगमध्ये झोपलेली असतानाही पीळ. वर स्पीडब्रेकरला चाक आणखी 10 अंश वर गेलं की 25. गाडी चाकांवर उभी करून आवळलेल्या बुशला तोच स्पीडब्रेकर फक्त 10 अंशांचा लागतो. त्यातही पिळाचा ताण रबरात सगळीकडे सारखा नसतो. आतल्या नळीजवळ तो सगळ्यात जास्त, कारण त्रिज्या निम्मी झाली की ताण चौपट होतो. तुमची चीर नेमकी तिथंच गेली आहे.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. पुण्याच्या सोमवार पेठेतल्या एका गॅरेजमध्ये शिकाऊ होतो तेव्हा एका डॉक्टरांच्या पद्मिनीचे बुश मी एकट्यानं बदलले होते आणि त्याचा मला बराच अभिमान होता. दोन महिन्यांत गाडी परत आली. मी दुकानदाराला शिव्या घालत नवे बुश आणायला निघालो, तर उस्तादांनी दारातच अडवलं. "नट आवळताना चाकं कुठं होती?" म्हटलं, "गाडी घोड्यावर होती की." त्यांनी हातातलं पुसायचं फडकं घेतलं, दोन्ही टोकं धरून पिळलं आणि तसंच माझ्या हातात दिलं. "हे असंच धरून बस संध्याकाळपर्यंत. मग सांग, चूक फडक्याची का तुझी."

तुमच्या गाडीतही हेच झालंय का, याची खात्री पाच मिनिटांत करता येते. सध्या बसवलेले बुश अजून शाबूत असतील तरच या चाचणीला अर्थ आहे, हे ध्यानात ठेवा. पुढची दोन्ही चाकं सारख्या जाडीच्या फळ्यांवर चढवा, म्हणजे खाली हात जाईल. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना विटा लावा. आता घरातलं नेलपॉलिश घेऊन ब्रॅकेटवरून आतल्या नळीच्या कडेवर एक सरळ रेघ ओढा. टॉर्च लागेल. वाळली की नट फक्त सैल करा, बोल्टला हात लावू नका. नट सैल होताच नळी टक्कन आवाज करून फिरली आणि रेघेचे दोन तुकडे झाले, तर निदान पक्कं. तुकडे जेवढे सरकले तेवढा पीळ घेऊन तुमची गाडी गेले काही महिने फिरत होती. रेघ तशीच राहिली, तर एक तर बुश आधीच फाटून मोकळे झालेत किंवा माझा अंदाज चुकलाय. बघून झालं की नट परत आवळायला विसरू नका. हो, आणि गाडी चाकांवर असतानाच!

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. खटखट बुशचीच आहे, हे मी तुमच्या शब्दावर धरून चाललोय. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. 1964 मध्ये ती कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट डिलाइट म्हणून निघायला लागली आणि पुढे पद्मिनी झाली. पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन विशबोन, म्हणजे आर्म, कॉइल स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना जोडणारी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार. म्हणजे आवाज करायला जागा भरपूर. नवे बुश घेण्याआधी चाक उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरा आणि हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिनकडे, म्हणजे चाक डावी-उजवीकडे वळताना ज्या खिळीभोवती फिरतं तिच्याकडे बघा. 3 आणि 9 च्या जागी खेळ असेल तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंग. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस न मारलेल्या गाड्या माझ्याकडे "बुश गेलेत" म्हणून येतात. त्यांत बुश ठणठणीत असतात.

अँटी-रोल बारचे रबर तर सगळ्यात आधी बघा. सगळ्यात स्वस्त तेच आणि आवाज सगळ्यात मोठा तेच करतात. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खटखट होत असेल आणि दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकर चढताना होत नसेल, तर माझा पहिला संशय त्यांच्यावर असतो. तुमची खटखट स्पीडब्रेकरवरच होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी आर्मकडे झुकलो.

करकर हा वेगळा आजार. पावसाळ्यात गायब होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत येते ती करकर कोरड्या रबराची. एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारा आणि मडगार्डवर जोर देऊन गाडी हलवा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तो गुन्हेगार. तिथं इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस मारू नका. आठ दिवस शांतता मिळेल आणि मग रबर फुगेल.

माल नाना पेठेत मिळतो, पण डोळे उघडे ठेवून घ्या. खिशात व्हर्निअर ठेवा. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा थोडी लांब हवी, नाहीतर नट आवळल्यावर ब्रॅकेट आतल्या नळीला चिमटणारच नाही आणि बोल्ट नळीत फिरत राहील. त्याचीही खटखटच होते. जुन्या बुशचं माप घेऊन जा, आणि माप घ्यायचं ते आर्मच्या डोळ्याचंही. दुकानदार "कंपनीचा जुना स्टॉक आहे" म्हणून पिवळ्या पडलेल्या डब्यातला बुश काढून देईल तेव्हा हुरळून जाऊ नका. रबर डब्यातही म्हातारं होतं, हवा त्याला सोडत नाही. अंगठ्यानं रबर दाबून काठावर बारीक चिरा उघडतात का बघा. उघडल्या तर तो बुश शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा. मनासारखा माल मिळालाच नाही, तर भोसरीकडे रबर मोल्डिंगची छोटी वर्कशॉप आहेत, नमुना दिला की ते करून देतात. कडकपणा विचारला तर 60 शोअर ए च्या आसपास सांगा. "जास्त कडक म्हणजे जास्त टिकाऊ" असं म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका.

काढण्या-घालण्याचं काम प्रेसवरचं आहे. गॅसकटरनं रबर जाळून काढणारे अजून आहेत. धूर होतो तो वेगळा, पण आर्मचं लोखंड तापून त्याची ताकद जाते. चाळिशीतल्या आर्मला ते सोसवत नाही. जुनी बाहेरची नळी निघेना तर हॅक्सॉचं पातं आतून घालून नळीला एक उभी चीर द्या आणि छन्नीनं ती आत दुमडा. पातं नळीत थांबलं पाहिजे, आर्मला लागता कामा नये. नवा बुश दाबताना जोर फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर यायला हवा, म्हणून तेवढ्याच मापाचं सॉकेट लावायचं. मधल्या नळीवर दाबलंत तर बसवतानाच रबर फाटतं, वर काही दिसत नाही. आर्मला दोन कान असतील तर त्यांच्यामध्ये योग्य लांबीचा पाइप उभा चिरून आडवा घाला, नाहीतर कान आत वळतात. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की बाहेरची नळी किंचित आकसते आणि काम थोडं हलकं होतं. आमच्या घरी तो आइस्क्रीमच्या डब्याशेजारी सापडला तेव्हा दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे पिशवीत गुंडाळून ठेवा.

आणि बुश हातोडीच्या दोन ठोक्यांत आरामात आत गेला तर खुश होऊ नका. डोळा मोठा झालाय. असा बुश बाहेरच्या नळीसकट फिरतो, आणि त्याच्यावर कितीही चांगलं रबर लावलं तरी फायदा नाही. आधीच्या दोन खेपांना बुश कसे बसले हे मेकॅनिकला जरूर विचारा. डोळा गेला असेल तर आर्म बदलावा लागेल किंवा चांगल्या टर्नरकडून डोळा बोअर करून त्याला स्लीव्ह मारून घ्यावी लागेल. हे मी फोटोवरून सांगू शकत नाही.

बोल्ट बाहेर काढल्यावर अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरवा. पायरी लागली तर बोल्ट नवा, आणि तोही 8.8 ग्रेडचा, हार्डवेअरच्या दुकानातला खिडकीला लावायचा नव्हे. बोल्टच्या दांड्याला पातळ ग्रीस लावून घाला, म्हणजे पुढच्या खेपेला तो नळीत गंजून अडकणार नाही. ग्रीस रबराला लागू देऊ नका. आर्मच्या शाफ्टमागे पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, सापडले तर कुठून किती निघाले ते लगेच लिहून ठेवा आणि तसेच परत घाला, त्यांच्यावर चाकाचा कोन अवलंबून असतो. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. डावी उघडली की उजवी बघायला शिल्लक हवी.

आता सगळ्या प्रकरणाचं मूळ, नट आवळणं. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. डावं वेगळं, उजवं वेगळं. जुन्या गाडीत दोन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही. फरक बोटभर आला तर एक स्प्रिंग बसलीय, ते काम आधी. बुश बसवून, बोल्ट घालून नट हातानंच लावायचे. चाक चढवून गाडी खाली आणायची, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडायची, मग फळ्यांवर चढवून आवळायची. गाडी खाली आणल्यावर पाना पोचत नसेल तर दुसरा मार्ग: खालच्या आर्मखाली जॅक लावून टेपवर तोच आकडा येईपर्यंत हळूहळू उचला आणि तिथं आवळा. आकडा सेंटीमीटरभर मागेपुढे झाला तर आकाश कोसळत नाही. लटकतं चाक आणि उभी गाडी यांतला फरक मात्र खूप मोठा असतो. अँटी-रोल बारचे नटही दोन्ही चाकं एका पातळीवर असतानाच.

इथपर्यंत वाचून कंटाळला असाल तर एवढं पुरे: आधी नेलपॉलिशची रेघ, मग किंगपिन आणि बारचे रबर, मग नवे रबरी बुश, आणि नट आवळताना गाडी स्वतःच्या वजनावर.

राहिलं नायलॉन. तुमचा मेकॅनिक एका अर्थी बरोबर आहे. नायलॉनचा बुश नळीवर फिरतो, पिळला जात नाही, त्यामुळे कुठल्याही स्थितीत आवळला तरी फाटणार नाही. म्हणजे त्याच्या चुकीची शिक्षा बुशला होणार नाही, इतकंच. पण रबर पिळण्याखेरीज आणखी एक काम करतं. चाकाला पुढून-मागून बसणारा धक्का ते गिळतं आणि आर्मला किंचित तिरकं होऊ देतं. नायलॉन काही गिळत नाही. तो धक्का सरळ ब्रॅकेटच्या वेल्डिंगला जातो, आणि ती वेल्डिंगं तुमच्या गाडीइतकीच जुनी आहेत. दुसरं, नायलॉन पाणी पितं. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पुण्यात जुलैला जाम आणि एप्रिलला ढिलं, असा बुश मी स्वतःच्या हातानं काढलाय. पॉलियुरेथेन त्यापेक्षा बरं, पण तेही साधारण 80 ते 95 शोअर ए, म्हणजे रबरापेक्षा बरंच कडक. त्याला सिलिकॉन ग्रीसच चालतं, आणि ते संपलं की कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटतं. रेसिंगवाल्यांनी बसवावं. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन बोपदेव घाटातून सासवडला जायचं असेल तर रबर.

स्वतः करण्याबद्दल. रेघेची चाचणी, बारचे रबर, किंगपिन-बेअरिंगचा खेळ बघणं आणि शेवटची आवळणी, हे पार्किंगमध्ये खुशाल करा. खालचा आर्म काढू नका. त्याच्यावर दाबून बसलेली कॉइल स्प्रिंग गाडीच्या पुढच्या भागाचं जवळपास निम्मं वजन पेलत असते. ती दाबून धरायचं नीट साधन नसताना बोल्ट काढला की स्प्रिंग सुटते, आणि ती कुठं जाईल हे तुम्ही ठरवत नाही. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीचं नख अजून तिरकं उगवतं, आणि माझ्याकडे तर त्या दिवशी साधन होतं. घाई होती, एवढंच.

म्हणून गाडी त्याच मेकॅनिककडे न्या. माणूस कामाचा दिसतो, दोन वेळा स्वतः बुश काढून घातलेत त्यानं. फक्त संध्याकाळी गाडी घोड्यावरून उतरवायच्या वेळेला तिथं हजर राहा. नट आधीच आवळले असतील तर गाडी खाली आल्यावर सैल करून परत आवळायला सांगा. तो हसेल, म्हणेल, "साहेब, काय फरक पडतो?" तेव्हा वाद घालू नका. नेलपॉलिश काढा, रेघ ओढा आणि नट सैल करायला पाना त्याच्याच हातात द्या.